फरशी वर आली, पाइप मात्र खालीच!

दोस्तांनो, आजचा विषय ऐकून नाक मुरडायचं नाही हं! आज आपण घरातल्या अशा एका खोलीत जाणार आहोत, जिच्याबद्दल पाहुण्यांसमोर कुणी बोलत नाही. पण ती खोली एक दिवस बंद पडली, तर अख्खं घर रडकुंडीला येतं. बरोबर ओळखलंत! संडास.

घरात नवीन टाइल बसवायचं ठरलं की सगळे रंग बघतात, नक्षी बघतात. "ही गुलाबी घेऊ", "नको, ती निळी घेऊ" अशी भांडणंही होतात. टाइलच्या खाली काय आहे, हे मात्र कुणी बघत नाही. आज आपण नेमकं तेच बघू या.

त्यासाठी मनातल्या मनात एक घर बांधू. गाव घेऊ मैंदर्गी. सोलापूर जिल्ह्यात, अक्कलकोट तालुक्यात हे नगरपरिषदेचं गाव आहे. कर्नाटकाची हद्द इथून जवळ, त्यामुळे कानावर मराठीही पडते आणि कन्नडही. गंमत म्हणजे आज्जीला दोन्ही भाषांत आज्जीच म्हणतात! तर आपल्या या घरात एक आज्जी आहे. तिचे गुडघे दुखतात. घरातला संडास जुन्या पद्धतीचा, उकिडवं बसायचा. आज्जी भिंतीला धरून कशीबशी उठते.

"आज्जी, मला हाक का नाही मारलीस?" नात विचारते.

"सारखं कुणाला हाका मारू गं? लाज वाटती की," आज्जी म्हणते.

मग घरात ठरतं. कमोड बसवायचा. आणि बसवतोच आहोत, तर खालची फरशीही बदलून टाकू.

फरशी का खराब झाली?

जुनी फरशी आहे शहाबादी. शहाबाद हे गाव कलबुर्गी जिल्ह्यात, सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आहे. तिथला दगड जवळचा, म्हणून सोलापूरकडच्या घराघरांत शहाबादी फरशी दिसते. हा दगड चुनखडीचा. चुनखडी आणि आम्ल यांचं हाडवैर! संडास स्वच्छ व्हावा म्हणून लोक अ‍ॅसिड ओततात, फरशीवर फस्‌फस्‌ फेस येतो आणि आपल्याला वाटतं, वा, काय मळ निघतोय! प्रत्यक्षात त्या फेसात कार्बन डायऑक्साइड वायू असतो आणि विरघळत असतो तो दगड. थोड्या वर्षांत फरशी खडबडीत होते, खाचांत पाणी साचतं, वास धरतो. अ‍ॅसिड फरशीच्या फटींतलं सिमेंटही खातं, हेही ध्यानात ठेवा.

म्हणजे फरशी बदलायची हे योग्यच. पण आता खरी गोष्ट सुरू होते.

पाण्याचा पहारेकरी

संडासातून सगळं वाहून जातं, मग खालचा वास वर का येत नाही? कारण वाटेत एक पहारेकरी बसलेला असतो. तो ना लोखंडाचा, ना रबराचा. तो पाण्याचा!

पाइपला जिथे वळसा दिलेला असतो, तिथे थोडं पाणी कायम साचून राहतं. घाण त्यातून ढकलली जाऊन पुढे जाते, पण वायू मागे येऊ शकत नाही. या वळशाला प्लंबरकाका 'ट्रॅप' म्हणतात. लंडनमध्ये काम करणाऱ्या अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीनं १७७५ साली असा वळसा असलेल्या संडासाचं पेटंट घेतलं. अडीचशे वर्षं होऊन गेली, पण याहून सोपी युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही.

मे महिन्यात गावाला जाऊन परत आलात की बंद घरात घाण वास येतो ना? तेव्हा हा पहारेकरी उन्हाळ्यानं आटून गेलेला असतो. संडासात आणि मोरीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये एक-एक तांब्या पाणी ओता. वास बंद!

एक पहारेकरी पुरे

आता नीट लक्ष द्या. उकिडवं बसायच्या भांड्याला स्वतःचा वळसा नसतो. ट्रॅप वेगळा असतो आणि तो भांड्याच्या खाली, फरशीच्या आत गाडलेला असतो. कमोडचं तसं नाही. कमोडच्या पोटातच वळसा असतो. बाजूनं पाहिलंत तर त्याचा नागमोडी आकार दिसतो.

मग घाईत काय होतं? वरचं भांडं फोडून काढतात, खालचा जुना ट्रॅप तसाच ठेवतात आणि त्याच्यावर कमोड बसवून टाकतात. आता एकामागोमाग दोन वळसे झाले. तुम्हाला वाटेल, बरंच झालं की, दोन पहारेकरी म्हणजे वासाचा दुप्पट बंदोबस्त! पण नाही. दोन पाण्यांच्या मधे हवा कोंडली जाते. तिला ना पुढे जाता येतं, ना मागे. फ्लश केला की पाणी त्या हवेवर आपटतं, गुडगुड आवाज करतं, कमोडमध्ये वर चढतं आणि मग हळूहळू उतरतं. जोर गेला की मैला दुसऱ्या वळशात बसून राहतो. आज थोडा, उद्या थोडा, आणि एक दिवस सगळंच तुंबतं.

म्हणून पहिला नियम हा, की कमोड आला तर खालचा जुना ट्रॅप निघाला पाहिजे. त्याच्या जागी सरळ पाइप किंवा साधं वळण यायला हवं. त्यासाठी खणावं लागतं, धूळ होते, एक दिवस जास्त जातो. पण हे काम टाइल बसायच्या आधीच होऊ शकतं. नंतर करायचं म्हणजे नवी कोरी टाइल फोडायची!

मिलिमीटरची गंमत

आता वही-पेन्सिल घ्या.

जुन्या शहाबादीवरच नवीन टाइल लावली असं धरू. खालचा माल, म्हणजे सिमेंट-वाळूचा थर, ३० मिलिमीटर. टाइल ८ मिलिमीटर. बेरीज ३८. म्हणजे जमीन सुमारे दीड इंच वर आली. पण पाइप? तो बिचारा होता तिथेच आहे. त्याचं तोंड आता जमिनीच्या दीड इंच खाली गेलं.

ज्या कमोडचं तोंड खाली जमिनीत उघडतं, त्याला 'एस ट्रॅप'वाला म्हणतात. तो असा वर आलेल्या जमिनीवर ठेवला, तर त्याचं तोंड पाइपपर्यंत पोचतच नाही. मधे फट राहते. वरून सगळं छान दिसतं, पण प्रत्येक फ्लशचं थोडं पाणी टाइलच्या खाली झिरपतं. कधी ओल शेजारच्या खोलीच्या भिंतीवर चढते, तर कधी वास येत राहतो आणि कुठून येतोय ते कुणालाच कळत नाही. इलाज तसा साधा. जमीन जितकी वर आली, तितकाच पाइपही जोडतुकडा लावून वर आणायचा.

दुसरा कमोड 'पी ट्रॅप'वाला. त्याचं तोंड मागे भिंतीकडे असतं. त्या तोंडाचा मध्य साधारणपणे तयार जमिनीपासून १८० मिलिमीटर उंचीवर येतो. भिंतीतला पाइप जुन्या जमिनीपासून १८० वर असेल, तर नव्या जमिनीपासून तो किती उंचीवर राहिला? १८० वजा ३८, म्हणजे १४२! दोन तोंडं आता समोरासमोर नाहीत. इथे थोडा तिरका बसणारा रबरी जोड वापरतात. पाइप कमोडच्या तोंडापेक्षा खाली असला, तर असा जोड काम भागवतो. पण पाइपच वर असेल, तर काय करणार? पाणी डोंगर चढत नाही!

भिंतीचंही तसंच. समजा एस ट्रॅपच्या पाइपाचा मध्य उघड्या भिंतीपासून बरोबर ३०० मिलिमीटरवर ठेवला. मग भिंतीला १५ मिलिमीटर माल आणि ८ मिलिमीटर टाइल लागली. उरले २७७. आता दुकानातून ३००चा कमोड आणलात, तर तो बसवायला भिंत २३ मिलिमीटर मागे सरकवावी लागेल! म्हणून माप नेहमी तयार टाइलच्या तोंडापासून धरायचं. टाइल अजून लागलेली नसेल, तर तिची जाडी आधीच मोजून हिशेबात घ्यायची.

काळी माती आणि म्हातारा पाइप

जुन्या घरांत संडासाचा पाइप बहुधा बीडाचा, नाहीतर भाजलेल्या मातीचा असतो. मातीचा पाइप तपकिरी, आतून-बाहेरून बरणीसारखा चकचकीत. तो गंजत नाही, अ‍ॅसिडला दाद देत नाही. पण ठिसूळ! आणि त्याचे सांधे सिमेंटचे.

सोलापूर भागात काळ्या मातीची जमीन पुष्कळ आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. शेतात भेगा पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. मातीबरोबर पाइपही हलतो. सिमेंटचा सांधा काही रबरासारखा लवत नाही, तो तडकतो. मग वर्षानुवर्षं पाणी जमिनीत मुरत राहतं आणि जवळच आड किंवा बोअर असेल, तर ते पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळू शकतं. हगवण, कावीळ, विषमज्वर हे आजार अशाच वाटेनं घरात येतात.

नवा पाइप पीव्हीसीचा. त्याला जोडायचा डिंक मातीच्या पाइपावर चालत नाही. दोन जातींच्या पाइपांना रबरी कॉलर किंवा योग्य सॉकेट लागतं. आणि एक नियम पाठ करा. वरून येणारा पाइप नेहमी पुढच्या पाइपाच्या तोंडात शिरला पाहिजे. छपरावर पत्रे कसे घालतात? वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर येतो ना, म्हणजे पाणी आत शिरत नाही. इथेही तोच न्याय.

ढाळ किती?

गवंडीमामा ज्याला 'ढाळ' म्हणतात तो म्हणजे उतार. चार इंची पाइपाला साधारण चाळीसास एक असा ढाळ देतात. चाळीस इंच पुढे गेलं की एक इंच खाली. दहा फूट पाइप असेल तर तीन इंच. करा बरं हिशेब!

ढाळ आता जास्त महत्त्वाचा झाला आहे. जुन्या टाक्यांमधून एका वेळी दहा ते साडेबारा लिटर पाणी सुटायचं. नव्या टाक्यांना दोन बटणं असतात. मोठं बटण सुमारे सहा लिटर सोडतं, छोटं सुमारे तीन. दुष्काळी भागाला ही मोठीच मदत! पण जुना पाइप कुठे खचला असेल, कुठे सपाट झाला असेल, तर कमी पाणी सगळं ढकलू शकत नाही. पूर्वी बारा लिटरच्या लोंढ्यानं हा दोष झाकला जायचा, आता तो उघडा पडतो. नळाला पाणी नसेल त्या दिवशी कमोडमध्ये बादलीतलं पाणी एकदम, जोरात ओतलं तरी तो साफ होतो. तांब्या-तांब्यानं ओतलं तर मात्र नाही.

आईबाबांसाठी

हा भाग आईबाबांना वाचून दाखवा. कामाचा क्रम असा धरला, तर त्रास वाचतो.

आधी कमोड पसंत करा आणि त्याची मापं कागदावर घ्या. टाइल नंतर. मग बाहेरचं चेंबर उघडून आत बादलीभर पाणी ओता. पाणी लवकर आणि तेवढंच आलं, तर पाइप शाबूत असण्याची शक्यता चांगली. उशिरा आलं किंवा कमी आलं, तर टाइल घ्यायच्या आधी पाइप बघा.

जुना ट्रॅप काढून नवा पाइप जोडला की चेंबरकडचं तोंड बोळा घालून बंद करा. पाइप पाण्यानं भरा, पातळीवर खूण करा आणि अर्धा तास थांबा. पातळी उतरली तर सांधा गळतोय. गवंडीमामा असल्या वेळी घाई करू देत नाहीत. "टाइल काय दोन दिवसांत बसती. खालचं बघायला एक दिवस द्या," असं सांगणारा कारागीर भेटला, तर त्याचं ऐका.

टाइल बसेपर्यंत पाइपाचं तोंड गोणपाटाच्या बोळ्यानं बंद ठेवा आणि बोळ्याला दोरी बांधून ठेवा. सिमेंटचे गोळे आणि टाइलचे तुकडे आत पडले, तर नवा संडास पहिल्याच महिन्यात तुंबतो. संडासाची जमीन बाहेरच्या खोलीपेक्षा थोडी खालीच राहील असं पाहा, नाहीतर धुताना पाणी घरात येईल. शेवटी कमोडभोवतीची फट बुजवताना मागच्या बाजूला बोटभर जागा मोकळी सोडा. आत गळती झालीच, तर पाणी तिथून बाहेर येऊन तुम्हाला वर्दी देईल. आणि आज्जीसाठी भिंतीला धरायला एक मजबूत दांडा नक्की बसवा.

शेवटी हात कुणाचा?

जिथे जमिनीखालची गटारं नाहीत, तिथे हे सगळं पाणी घराच्या टाकीत जातं. लोक तिला 'सेफ्टी टँक' म्हणतात. खरा शब्द 'सेप्टिक', म्हणजे कुजवणारी. हवेशिवाय जगणारे जिवाणू तिथे मैला कुजवतात. त्यातून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड असे वायू निघतात. हायड्रोजन सल्फाइड इतका विषारी, की आत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो. या टाकीत कुणीही, कधीही उतरायचं नाही. चेंडू पडला तरी नाही. झाकणावर उभंही राहायचं नाही.

आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या काही जातींच्या माणसांना दुसऱ्यांचा मैला हातानं उचलायला लावलं गेलं. ही प्रथा बंद करण्यासाठी १९९३ साली कायदा झाला. २०१३ साली दुसरा, अधिक कडक कायदा आला. गटारात किंवा टाकीत माणसाला सुरक्षेच्या साधनांशिवाय उतरवणं हा त्यानुसार गुन्हा आहे. कर्नाटकातल्या कोलार इथल्या सोन्याच्या खाणींच्या वसाहतीत वाढलेले बेझवाडा विल्सन याच प्रथेविरुद्ध आयुष्यभर लढत आले. त्यांना २०१६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तरीही गटारात गुदमरून माणसं मेल्याच्या बातम्या अजून येतात.

आता सांगा, टाइलखाली गाडून टाकलेला तो जुना ट्रॅप, ती दीड इंचाची फट, तो सपाट पाइप, हे सगळं कुणाच्या वाट्याला येणार होतं? तुंबलं की आपण नाकाला रुमाल लावून बाजूला उभे राहतो आणि "कुणालातरी बोलवा" म्हणतो. त्या 'कुणालातरी'ला हात घालावा लागू नये, म्हणून टाइल बसायच्या आधीचा तो एक दिवस द्यायचा.

करून पाहा

पातळी बघायला गवंडीमामा जी पारदर्शक नळी वापरतात, तशी एक मीटरभर नळी आणा. तिला एकच वळसा द्या आणि वरून नरसाळ्यानं पाणी ओता. पाणी सुळकन बाहेर जाईल आणि वळशात थोडं राहील. आता दुसऱ्या टोकानं हळूच फुंकर मारा. हवा सहज पलीकडे जात नाही ना? हाच तो पहारेकरी! मग दोन वळसे द्या आणि दोन्हींत थोडं-थोडं पाणी राहू द्या. आता वरून पुन्हा ओता. मधली हवा अडकलेली दिसेल आणि पाणी नरसाळ्यात थबकेल.

दुसरा प्रयोग घरच्या कमोडवर. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमधल्या पाण्याला रंग आला, तर टाकी गळते आहे. आईबाबांना लगेच सांगा. तेवढंच पाणी वाचेल!

आणि हे एक गणित. कमोडपासून चेंबरपर्यंत वीस फूट पाइप आहे. ढाळ चाळीसास एक. चेंबरकडचं टोक किती इंच खाली हवं? सहा इंच आलं असेल, तर शाबास!

बरं, आता जा आणि तुमच्या घरातलं चेंबर कुठे आहे, ते शोधून ठेवा. झाकण मात्र मोठ्या माणसांनाच उघडू द्या. भेटू पुढच्या अंकात!